चारा २२ किलो, खुराक ९ किलो, तरी फॅट २.९ का?

पत्र : आम्ही इंदापूर तालुक्यात राहतो. गोठ्यात पाच संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई आहेत, पाचही दुधात. गोठ्याचं सगळं मीच बघते. जानेवारीपर्यंत गाईमागे सरासरी १६ लिटर दूध आणि ३.७ फॅट लागायचा. दूध वाढावं म्हणून आम्ही खुराक वाढवत नेला. आता प्रत्येक गाईला ७ किलो गोळी पेंड आणि २ किलो मका भरडा देतो, सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी. चाऱ्यात उसाचे वाढे (शेंड्याकडचा हिरवा पाला) १२ किलो आणि हत्तीगवत १० किलो. हत्तीगवत घरचं आहे, अर्धा एकर. कडबा शेकडा अडीच हजारांवर गेला म्हणून बंद केला. गोळी पेंडीचं पन्नास किलोचं पोतं १,७०० रुपयांना पडतं. दूध आठ-दहा दिवस २० लिटरपर्यंत गेलं, मग १८ वर आलं. फॅट २.९ आणि एसएनएफ (दुधातला फॅट आणि पाणी सोडून उरणारा भाग) ८.२ लागतोय, डेअरीत भाव कापतात. शेण पातळ झालंय. एक गाय मागच्या पायाने लंगडते. एक गाय व्यायला वीस दिवस झालेत. पेंडवाले म्हणतात, फॅटसाठी अजून एक किलो वेगळी पेंड घाला. दीर म्हणतात, सरकी पेंड घाला. चारा ६० टक्के आणि खुराक ४० टक्के असावा असं ऐकलंय, आमच्याकडे तर ७० टक्के चारा आहे. मग चुकतंय कुठं? आणि तोटा भरून काढायला सहावी गाय घ्यावी का?

ताई, तुम्ही सगळे आकडे लिहून पाठवलेत, त्यामुळे आडवळणाने जायची गरज नाही. खुराक वाढवू नका. गोळी पेंडही नको आणि वरून सरकीही नको. तुमच्या गाईंना चारा कमी पडतोय आणि फॅट त्यामुळेच उतरलाय.

रोज २२ किलो चारा टाकूनही कमी कसा, हे तुम्हाला पटणं अवघड आहे, म्हणून हिशेब मांडते. ६० आणि ४० हे प्रमाण ओल्या वजनाचं नसतं. चाऱ्यातलं पाणी वजा केल्यावर जो कोरडा भाग उरतो, त्याचं ते प्रमाण आहे. पशुवैद्यक त्याला शुष्क पदार्थ म्हणतात. हत्तीगवतात शंभरातले ८० ते ८२ भाग पाणीच असतं. वाढ्यात ७० ते ७५ भाग. गोळी पेंड आणि भरड्यात मात्र जेमतेम १० भाग पाणी. आता तुमचे आकडे घेऊ. वाढे १२ किलो, त्यात कोरडा भाग साधारण ३.४ किलो. हत्तीगवत १० किलो, त्यात १.८ किलो. चाऱ्याचे मिळून झाले ५.२ किलो. खुराक ९ किलो, त्यात कोरडा भाग ८.१ किलो. म्हणजे गाईच्या पोटात रोज १३.३ किलो कोरडं अन्न जातं आणि त्यातलं ६० टक्क्यांहून जास्त खुराक आहे. प्रमाण उलटं झालंय. गव्हाणीकडे बघून हे लक्षात येत नाही, कारण डोळ्यांना हिरवा ढीग दिसतो आणि खुराक घमेल्याच्या तळाशी असतो.

हे स्वतः पडताळून बघा. हत्तीगवताची एक किलो कुट्टी ताणकाट्यावर तोलून घ्या, पत्र्यावर पातळ पसरा आणि मार्चच्या उन्हात वाळू द्या. रोज संध्याकाळी तोला. वजन उतरायचं थांबलं की हातात जेमतेम दोनशे ग्रॅम उरेल. तेवढाच तुमच्या गाईचा चारा. असंच वाढ्याचंही करा. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की पुढे कुठलाही चारा विकत घेताना तुम्ही किलोचा भाव विचारणार नाही, त्यात कोरडं किती मिळतं ते विचाराल.

आता फॅट का उतरला. गाईच्या मोठ्या पोटात अब्जावधी सूक्ष्मजीव असतात आणि चारा खरं तर तेच खातात. चाऱ्यातला चोथा, म्हणजे तंतू, कुजवून ते ॲसिटिक आम्ल तयार करतात. कासेत दुधातला फॅट बऱ्याच अंशी त्यापासून तयार होतो. भरड्यातल्या आणि पेंडीतल्या पिठापासून मात्र प्रोपिऑनिक आम्ल जास्त तयार होतं. त्यातून साखर होते आणि दुधाचं लिटर वाढतं. म्हणून खुराक वाढवल्यावर पहिले आठ-दहा दिवस तुम्हाला २० लिटर दिसले. ते खोटं नव्हतं. पण पीठ फार झपाट्याने आंबतं. पोटातला सामू (पीएच, तो जितका कमी तितका आंबटपणा जास्त) एरवी ६.२ ते ६.८ असतो, तो ५.८ च्या खाली जाऊन तासन्‌तास तिथेच राहू लागला की चोथा पचवणारे जीवाणू मरगळतात. ॲसिटिक आम्ल घटतं. शिवाय अशा आंबट पोटात काही वेगळी स्निग्धाम्लं तयार होतात आणि ती कासेतली फॅट बनण्याची क्रियाच दाबून टाकतात. मग चारा पचेना, शेण पातळ, भूक एक दिवस बरी तर एक दिवस मंद, आणि दूधही हळूहळू खाली. तुमच्या गोठ्यात नेमकं हेच घडलंय.

या आंबटपणावर गाईकडे स्वतःचं औषध आहे आणि ते म्हणजे तिची लाळ. चांगला चारा असेल तर गाय दिवसाला शंभर लिटरहून जास्त लाळ गिळते. त्या लाळेत सोडा असतो, तोच आपल्या खाण्याच्या सोड्यातला. पण लाळ सुटते रवंथ करताना, आणि रवंथ होतो लांब, कोरड्या, चरबरीत चाऱ्यावर. गोळी पेंड दोन मिनिटांत संपते आणि तिच्यावर रवंथ होत नाही. कडबा तुम्ही महाग म्हणून बंद केला, त्याच दिवशी रवंथ निम्म्यावर आला असणार.

तुमच्या ९ किलोमागचं गणितही माझ्या लक्षात आलंय. शरीर सांभाळायला दीड किलो आणि मग दर अडीच लिटर दुधाला एक किलो. १८ लिटरला हे पावणेनऊच्या आसपास जातं. हा ठोकताळा गावोगाव चालतो आणि तो वाईट नाही. पण गाय पोटभर चारा खाते हे त्यात धरलेलं असतं. चारा पुरेसा नसेल तर याच ठोकताळ्याने गाय आजारी पडते. आणि चारा खरोखर चांगला असेल, घरचा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) आणि लसूण घास असेल, तर शेवटच्या लिटरपर्यंत एवढा खुराक लागतच नाही. म्हणून आधी चारा ठरवायचा आणि मग उरलेल्या गरजेपुरता खुराक.

तुमच्या गाईचं वजन तुम्ही लिहिलेलं नाही. टेपने मोजून घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात घ्या. खांद्याच्या हाडापासून माकडहाडापर्यंत लांबी घ्या. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा, आणि ६६० ने भागा. घेर ६८ इंच आणि लांबी ६० इंच आली तर गाय ४२० किलोची. अशी गाय १७-१८ लिटर दूध देत असेल तर तिला रोज साधारण १४ किलो कोरडं अन्न लागतं. त्यात निदान ८ किलो चारा हवा.

आजच्या घडीला तुमच्याकडे जे आहे त्यातूनच हे बसवू. हत्तीगवत १० वरून १५ किलो करा, अर्ध्या एकरात पाच गाईंना ते पुरेल. वाढे १२ वरून १० किलोवर आणा. आणि कडबा परत सुरू करा, गाईमागे पावणेतीन किलो. कोरडा भाग झाला २.७, २.८ आणि २.५, मिळून ८ किलो. खुराक ७ किलोवर आणा : गोळी पेंड ६ किलो, सरकी पेंड १ किलो, मका भरडा बंद. खुराकाचा कोरडा भाग ६.३ किलो. आता प्रमाण ५६ आणि ४४ झालं. दुधाची गरज पाहता एवढं पुरे. गोळी पेंडीच्या पोत्यावर प्रथिनं २० टक्के किंवा त्याहून जास्त छापलेली आहेत ना, एवढं मात्र बघून घ्या.

दीर सरकीबद्दल बोलले ते अर्धं बरोबर आहे. सरकी पेंडीत थोडं तेल असतं, टरफलाचा चोथा असतो आणि भरड्यासारखं पीठ नसतं. म्हणून भरड्याच्या जागी ती चांगली. पण नऊ किलोवर दहावा किलो म्हणून घातली तर त्याच आगीत आणखी एक लाकूड. सरकी घेताना पोतं उघडून वास घ्या. कुबट वास किंवा काळे-हिरवे डाग दिसले तर परत करा, भाव कितीही कमी असू दे. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, गाईच्या यकृताला मारतं आणि दुधातही उतरतं. ते दूध आपलीच लेकरं पितात.

बदल एका दिवसात करू नका. पोटातल्या जीवाणूंना जमवून घ्यायला दहा-पंधरा दिवस लागतात. पहिले तीन-चार दिवस खुराक आहे तेवढाच ठेवून फक्त कडबा सुरू करा. गाई तो खायला लागल्या की दर दोन दिवसांनी अर्धा किलो भरडा कमी करा. भरडा संपला की गोळी पेंडीतला एक किलो काढून सरकीचा एक किलो घाला. फॅट हलायला दोन ते तीन आठवडे लागतील. चौथ्या दिवशी डेअरीची पावती बघून निराश होऊन परत भरड्याकडे वळू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. बहुतेक ठिकाणी काम बिघडतं ते इथेच.

किती द्यायचं याइतकंच कसं द्यायचं हेही महत्त्वाचं आहे. तुम्ही ९ किलो दोन धारांना देता, म्हणजे एका वेळी साडेचार किलो, आणि सकाळी तर रिकाम्या पोटी. त्यानंतर दोन-तीन तास पोटात काय होत असेल! एका वेळी दोन किलोच्या वर खुराक जाऊ देऊ नका. सात किलोचे चार भाग करा. पहाटे उठल्यावर आधी थोडी कडब्याची कुट्टी टाका, गाय तोंड घालू दे, मग धार. धारेच्या वेळी थोडा खुराक हवाच असतो, तो चालेल. बाकीचा खुराक दुपारी आणि रात्री कुट्टीत मिसळून द्या. गोळी पेंड भिजवून आंबोण करण्याची पद्धत असेल तर ती सोडा. कोरडीच द्या, म्हणजे चावून खाल्ली जाईल.

कुट्टी किती बारीक आहे तेही बघा. यंत्राची पाती नवी असली आणि गिअर बारीकवर असला की कडब्याचा भुगा होतो. भुग्यावर रवंथ होत नाही. तुकडा एक ते दीड इंचाचा पडला पाहिजे. फार लांब ठेवला तर उलटा त्रास, गाय नाकाने कांड्या बाजूला सारून फक्त पाला आणि पेंड टिपून खाते. संध्याकाळी गव्हाणीत काय उरलंय ते हाताने चाळून बघत जा. रोज फक्त जाड कांड्याच उरत असतील तर गाईने तुमचं प्रमाण बदलून टाकलं असं समजा. हत्तीगवत फार जुनं झालं की ते लाकडासारखं होतं आणि असंच उरतं. दीड-दोन महिन्यांच्या आत, चार-पाच फूट उंच झालं की कापत जा.

प्रमाण बसतंय की नाही, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. दुपारी गाई बसलेल्या असतात तेव्हा जाऊन बघा. पाचपैकी तीन तरी रवंथ करताना दिसल्या पाहिजेत. एका गाईसमोर उभं राहून एक घास वर आल्यापासून गिळेपर्यंत ती किती वेळा चावते ते मोजा. पन्नास-साठ वेळा चावते तोवर ठीक. तीस-पस्तीसवर गिळत असेल तर चोथा कमी पडतोय. शेणाकडे रोज लक्ष द्या. ते पसरून वाहू नये, आणि त्यात फेस-बुडबुडे नकोत. मूठभर शेण स्वयंपाकघराबाहेरच्या जुन्या चाळणीत घेऊन पाण्याखाली धुवा. आज धुतलंत तर मक्याचे कण चाळणीत राहिलेले दिसतील, तुमचे विकत घेतलेले. पंधरा दिवसांनी परत धुऊन बघा, फरक तुमचा तुम्हालाच कळेल.

दोन गाई मात्र या सगळ्यातून वेगळ्या काढा. जी लंगडते तिच्या खुरांची तपासणी पशुवैद्यकाकडून करून घ्या. पोट सतत आंबट राहिलं की खुराच्या आतल्या भागाला सूज येते. बाहेरून काही दिसत नाही, पण गाय पाय टेकायला कचरते. खुरं वाढली असतील तर साळून घ्या. नुसतं वेदनेचं इंजेक्शन देऊन तोच खुराक चालू ठेवला तर काही उपयोग नाही.

दुसरी, वीस दिवसांपूर्वी व्यालेली. व्याल्यावर पहिले काही आठवडे दूध झपाट्याने वाढतं आणि भूक मात्र मागे असते. गाय अंगावरची चरबी जाळून दूध देते. तिला बाकीच्यांसारखे ९ किलो देणं तर धोक्याचंच, पण घाबरून खुराक एकदम तोडणंही तितकंच धोक्याचं. दोन-चार दिवसांत तिला ६ किलोवर आणा, चार वेळा करून. सगळ्यात चांगला चारा आधी तिच्यापुढे जाऊ दे. ती चारा संपवायला लागली की दर तीन-चार दिवसांनी अर्धा किलो वाढवत ७ वर न्या. तिचं दूध वेगळं तपासा. तिचा फॅट २.९ नसून उलट साडेचार-पाचवर असेल, ती पेंड हुंगून सोडत असेल आणि तोंडाला गोडसर वास येत असेल, तर ही गोष्ट वेगळी आहे. तो किटोसिस, म्हणजे अंगावरची चरबी फार जळाल्याने होणारा आजार, असू शकतो. पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवा.

आणि कुठल्याही गाईने खाणं पूर्ण सोडलं, रवंथ बंद झाला, डाव्या कुशीत हालचाल जाणवेना, शेण पाण्यासारखं आंबूस झालं, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. दावं तोडून गाय भरड्याच्या पोत्याशी गेली की एका रात्रीत असं होतं आणि गाय दगावते. भरड्याची पोती गोठ्यात ठेवत असाल तर आजच हलवा.

खाण्याचा सोडा द्यावा का, असा प्रश्न तुमच्या मनात येईलच. हो, सध्या द्या. दिवसाला १०० ते १५० ग्रॅम, खुराकात विभागून. सोड्याने पोट सावरायला मदत होते. पण पाणी ओतत बसायचं आणि चूल मात्र पेटतीच ठेवायची असं करू नका, कडबा नसताना सोडा महिनोन्‌महिने चालू ठेवण्यात अर्थ नाही. खनिज मिश्रण ७०-८० ग्रॅम आणि मीठ ३०-४० ग्रॅम रोज असू द्या.

खनिज मिश्रण तुमच्याकडे जास्तच गरजेचं, कारण चाऱ्यात वाढे आहेत. वाढ्यात ऑक्झॅलेट असतं, हत्तीगवतातही असतं. ते पोटात कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शेणावाटे बाहेर नेतं. १८ लिटरची गाय दुधातून आधीच कॅल्शियम देत असते. वर्षानुवर्षं वाढ्यांवर राहिलेल्या गाई व्याल्यावर आडव्या पडतात, माजावर नीट येत नाहीत, त्यात या कॅल्शियमचा मोठा वाटा असतो. म्हणून वाढ्यांची कुट्टी केल्यावर तिच्यावर चुन्याची निवळी शिंपडायची जुनी पद्धत आहे, ती पाळा. चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवा, सकाळी वरचं निवळ पाणी घ्या. वाढे फुकट मिळतात म्हणून त्यांच्यावर पोट भरू नये. त्यात प्रथिनं पाच-सहा टक्क्यांच्या आसपासच असतात.

पाणी दिवसातून दोनदा दाखवत असाल तर ते पुरत नाही. या दुधाच्या गाईला उन्हाळ्यात ८० ते १०० लिटर पाणी लागतं. कोरडा चारा वाढवताय, तेव्हा पाणी समोर चोवीस तास हवं. पाणी कमी पडलं की गाय आधी कडबाच सोडते. पुढच्या महिन्यात ऊन वाढेल तसंही असंच होईल : दुपारी चारा नकोसा होतो, पेंड मात्र खाल्ली जाते, आणि प्रमाण पुन्हा उलटं होतं. चाऱ्याचा मोठा भाग पहाटे आणि रात्री टाका.

एसएनएफचं थोडक्यात. ८.२ ला एसएनएफ अडकलाय तो पचन बिघडल्यामुळे, गाईला खाल्लेल्याची पूर्ण ताकद मिळत नाही. पोट सावरलं की तोही सुधारेल, मात्र फॅटपेक्षा हळू. दुधाचा नमुना घेण्याआधी दूध नीट ढवळलं जातंय ना तेही बघा. आणि शेवटच्या धारा कासेत सोडू नका, सगळ्यात जास्त फॅट त्यांच्यातच असतो.

आता पैशाचं. कडबा शेकडा अडीच हजार म्हणजे पेंढी २५ रुपयांना. पेंढी दोन किलोची धरली तर पावणेतीन किलोचे ३४ रुपये. गोळी पेंड एक किलो कमी केली, तिचे ३४ रुपये वाचले. दोन किलो भरड्याच्या पैशात एक किलो सरकी येऊन थोडे पैसे उरतात. म्हणजे खर्च वाढत नाही, असलाच तर किंचित कमी होतो. दूध मात्र लिटरभर कमी दिसेल, हे आधीच सांगते, म्हणजे घरात कोणी विचारलं तर तुमच्याकडे उत्तर असेल. एका लिटरचे पैसे जातील, पण फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ च्या खाली होणारी कपात १७ लिटरवर थांबेल. तुमच्या दहा दिवसांच्या पावत्या घेऊन बसा आणि एका गाईमागे कपातीत किती गेले ते मांडा. त्यात पशुवैद्यकाची फी आणि लंगड्या गाईचं घटलेलं दूध धरा.

कडबा मिळतच नसेल तर गव्हाचं काड चालेल, पण त्यात कस कमी, म्हणून दीड-दोन किलोच्या वर नको. तुरीचं किंवा सोयाबीनचं भुसकट घरी असेल तर तेही थोडं मिसळा. हे दोन्ही बारीक असतात, कडब्याचं रवंथाचं काम ते पूर्ण करत नाहीत.

वाढ्यांचा मात्र शेवट जवळ आलाय. कारखाना बंद झाला की तुमच्या चाऱ्यातला तिसरा हिस्सा एका आठवड्यात जाईल, आणि तेव्हा हात परत पोत्याकडे जाईल. म्हणून आत्ताच, पाणी असेल तर, थोडा मका आणि चवळी एकत्र पेरा, दोन-अडीच महिन्यांत हिरवा चारा हाती येईल. पावसाळ्यात एक एकर मका मुरघासासाठी ठेवा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची आफ्रिकन टॉल जात चाऱ्यासाठी चांगली. दाणा चिकात भरला, अजून कडक झाला नाही, तेव्हा कापायचा, कुट्टी दाबून हवाबंद करायची आणि दीड महिना उघडायची नाही. एका एकरात १८-२० टन हिरवा मका निघतो. पाच गाईंना रोज १५ किलोप्रमाणे मुरघास घातला तर सहा महिन्यांना १४ टन लागतो, म्हणजे नासधूस धरूनही तो पुरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थोडा लसूण घास करा, राहुरीचीच आरएल-८८ घ्या. १५ किलो मुरघास, ६ किलो लसूण घास आणि अडीच किलो कडबा मिळाला तर या गाईंना १८ लिटरला साडेसहा किलो खुराक पुरतो. बियाण्यासाठी बारामतीचं कृषी विज्ञान केंद्र तुम्हाला जवळ आहे, पेरणीआधी तिथे विचारून घ्या.

सहावी गाय सध्या घेऊ नका. एका दुधाळ गाईला रोज ८ किलो कोरडा चारा म्हणजे वर्षाला जवळजवळ तीन टन, आणि तोही कोरडा. हिरव्या हत्तीगवतात मोजला तर पंधरा टनांच्या पुढे. अर्ध्या एकरातलं हत्तीगवत आता पाच गाईंमध्येच रोज ७५ किलो जाणार आहे. सहावी आली की त्याच चाऱ्याचे सहा वाटे होतील, प्रत्येकीचा वाटा पेंडीने भरला जाईल आणि सहाही गाईंचा फॅट खाली येईल. मुरघास भरून झाला, तो मोजला आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत पाच गाईंना पुरून उरतोय असं दिसलं, तर दिवाळीनंतर विचार करा. त्याआधी, तीन आठवड्यांनी, प्रत्येक गाईचा वेगळा फॅट, एसएनएफ, दूध आणि रवंथाचे चावे मला लिहून कळवा. व्यालेल्या गाईचं वजनही टेपने मोजून पाठवा, तिचा खुराक त्यावरून परत ठरवू.